पाना साधा दिसतो, म्हणून पेटंट नाकारता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपला छोटा कारखाना असलेल्या एका वाचकांनी बेसिनखालचे बॅकनट (नळ बेसिनला खालून घट्ट धरणारे नट) सोडवायचा आणि आवळायचा पाना तयार केला आहे. पेटंटसाठी अर्ज केला, आणि आता मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडून पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडला आहे. तपासनिसांनी तीन जुने दस्तऐवज पुढे करून लिहिलं आहे की हे तीन एकत्र केले की तुमचा पाना होतो, सबब इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारी पायरी, यात नाही. घरात पुतण्याही तेच म्हणतो, 'काका, हे कुणालाही सुचलं असतं.' वाचकांचं विचारणं असं आहे की 'कुणालाही सुचलं असतं' हे ठरवतात कसं, आणि एफईआरला उत्तर देण्यात आणखी पैसे घालावेत का?

पैशाचं आधी सांगतो. घालावेत, पण तुमच्या पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणाऱ्या अर्जातल्या वाक्यात, आज ज्या गोष्टी आहेत त्यांच्यासाठी नाही. तुमचा खरा शोध अर्जाच्या चौदाव्या परिच्छेदात दडून बसला आहे आणि क्लेममध्ये मिरवतोय भलताच.

तुम्ही पाठवलेल्या चित्रांवरून मला पाना कळला तो असा. दांडी लांब-आखूड होते. टोकाला एलईडी दिवा आणि चुंबक आहे. मूठ रबराची, ओल्या हातातून न निसटणारी. आणि जबड्याच्या मागे एक पातं-स्प्रिंग आहे, जी ठरावीक दाबापर्यंत जबडा नटवर धरून ठेवते. दाब त्यापुढे गेला की स्प्रिंग दबते, जबडा उघडतो आणि नटवरची पकड सुटते. पहिल्या क्लेममध्ये तुम्ही दांडी, दिवा, चुंबक आणि मूठ या चार गोष्टी सांगून शेवटी 'आणि स्प्रिंगयुक्त जबडा' एवढंच लिहिलं आहे. तपासनिसांनी त्यावर डी-१ म्हणून स्प्रिंगचा जबडा असलेला बेसिन पाना, डी-२ म्हणून मुठीत क्लच असलेला, म्हणजे ठरावीक टॉर्कनंतर (फिरवण्याच्या जोरानंतर) निसटणारा, टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर आणि डी-३ म्हणून दिवा-चुंबकवाली लांब होणारी दांडी दाखवली. त्या क्लेमपुरतं बोलायचं तर त्यांचं काही चुकलेलं नाही.

आता कायदा. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे, आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग: आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही. दुसरा भाग: त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला ऑब्व्हियस, म्हणजे सहज सुचण्यासारखा, वाटता कामा नये. हे दोन भाग 'आणि'ने जोडलेले आहेत. माझ्याकडे येणारे निम्मेअधिक हत्यारवाले पहिल्या भागावरच थांबतात. 'काम अर्ध्या वेळात होतं', 'प्लंबर खूश आहेत', 'नागदेवी स्ट्रीटवरचे दुकानदार माल मागतात'. हे सगळं खरं असेलही. त्याने पहिला भाग सुटतो. दुसऱ्या भागाबद्दल त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

दुसऱ्या भागातला हा जाणकार माणूस कोण, यावर निम्मी लढाई असते. तुमचा पुतण्या तो नाही. वीस वर्षं बेसिनखाली झोपून काम केलेला प्लंबरही एकटा तो नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या निकालात याची कसोटी घालून दिली, आणि योगायोगाने तो खटलाही वर्कशॉपमधलाच होता: भांडी लेथवर धरून घासून-पुसून चकचकीत करायची पद्धत. जुन्या रीतीत भांडं चिकटवून धरत, ते काम चालू असताना उडायचं, कामगाराला धोका. पेटंटवाल्यांनी दाब देणाऱ्या स्पिंडलने भांडं दाबून धरायची सोय केली. न्यायालय म्हणालं, अशा रीतीने वस्तू धरणं लेथवर आधीपासून माहीत होतं, ही फार तर वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट रद्द झालं. तिथेच न्यायालयाने विचारलेला प्रश्न असा: त्या तारखेला चालू असलेलं सर्वसाधारण ज्ञान असलेल्या कुशल माणसाच्या हातात तो जुना दस्तऐवज दिला असता, त्याच्यापुढे हीच अडचण असती, आणि तुमच्या शोधाची त्याला कल्पना नसती, तर तो 'मला हवं होतं ते यात आहे' असं म्हणाला असता का? आणि न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा माणूस इंजिनियरच्या तोडीचा असू शकतो, नुसता हातकाम करणारा कारागीर नव्हे.

तुमच्या बाबतीत तो माणूस म्हणजे हाताच्या हत्यारांचं डिझाइन करणारा मेकॅनिकल इंजिनियर, ज्याने प्लंबरचं काम जवळून पाहिलं आहे. त्याचं वाचन अफाट आहे. जपानी कॅटलॉग असो की जर्मनीतलं मुदत संपलेलं पेटंट, सगळं त्याच्यासमोर उघडं पडलेलं आहे असं कायदा धरून चालतो. कल्पकता मात्र बेताची. अगदी शून्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर खटल्यात म्हटलंय की हा माणूस म्हणजे यंत्र नव्हे, त्याच्याकडे सर्वसाधारण सर्जनशीलता असतेच. तो खटला गाडीच्या ॲक्सलरेटर पेडलचा होता आणि तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपल्या सुनावण्यांत त्याचं नाव निघतं, म्हणून माहीत असलेलं बरं.

त्याच्यासमोर काय काय ठेवता येतं? इथे एक बारकावा आहे जो हत्यारांच्या धंद्यात फार महत्त्वाचा ठरतो. कलम ६४(१)(एफ) प्रमाणे ऑब्व्हियस ठरवताना छापलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं जगात कुठलंही चालतं, पण 'वापरात होतं' म्हणायचं तर तो वापर भारतातला हवा. इंग्लंडच्या कोर्टात विंडसर्फिंगचा एक गाजलेला खटला झाला. त्यात १९५८ साली बारा वर्षांच्या एका मुलाने हेलिंग आयलंडजवळ घरी बनवलेली शिडाची फळी वापरली होती, एवढ्यावरून पेटंट कोसळलं. त्याच्या शिडाची दांडी सरळ होती आणि वापरताना वाकायची. पेटंटमधली आधीपासून कमानदार. कोर्टाने म्हटलं, एवढी मजल कुणीही मारली असती. आपल्या कायद्याखाली परदेशातल्या किनाऱ्यावरचा असा वापर, कुठे छापून आला नसेल तर, तुमच्याविरुद्ध उभा करता येणार नाही. उलट कुर्ल्याच्या एखाद्या फॅब्रिकेटरने तुमच्याआधी असाच जबडा करून चार प्लंबरांना उघडपणे विकला असेल, तर तो मात्र चालेल. स्पर्धक पेटंट मिळाल्यानंतर वर्षभरात विरोध दाखल करतात तेव्हा कधी कधी अशीच जुनी बिलं आणि वापरून झिजलेले नमुने घेऊन येतात.

असे जुने दस्तऐवज शोधायचे तर नुसता गूगलवर शब्द टाकून भागत नाही. हातहत्यारांची पेटंटं वर्गवारीने शोधावी लागतात. स्पॅनर आणि पाने बी२५बी १३ मध्ये मिळतील, त्यातही खास कामाचे पाने १३/४८ मध्ये. टॉर्कची मर्यादा घालणारी योजना बी२५बी २३/१४ मध्ये. अनेक कामांची एकत्र हत्यारं बी२५एफ मध्ये. युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट हे शोधायचं संकेतस्थळ फुकट आहे. एक रविवार त्यात घाला. तपासनिसांना न सापडलेला दस्तऐवज तुम्हाला सापडला तर तो आत्ता सापडलेला बरा. पेटंट मिळाल्यावर समोरच्याच्या वकिलाला सापडला तर कायद्याचं कलम १३(४) आठवेल. ते सांगतं की तपासणी झाली आणि पेटंट दिलं म्हणून ते वैध असल्याची हमी सरकार देत नाही.

आता दिवा, चुंबक आणि मूठ. ही तिन्ही मी दोन मिनिटांत बाजूला ठेवतो. कलम ३(एफ) म्हणतं, माहीत असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं काम आपल्या नेहमीच्या रीतीने, एकमेकांशी संबंध न ठेवता करत राहिलं, तर तो शोधच नाही. दिवा उजेड देतो. चुंबक पडलेला स्क्रू उचलतो. एकाच्या असण्याने दुसऱ्याच्या कामात काडीचा फरक पडत नाही. रबराच्या मुठीचं तर विचारूच नका; अमेरिकेत १८५१ सालीच दरवाजाची मूठ लाकूड-धातूऐवजी चिनीमातीची केली म्हणून दिलेलं पेटंट रद्द झालं होतं, आणि साहित्य बदलण्याचा मुद्दा तेव्हापासून फारसा हललेला नाही. लांब होणाऱ्या दांडीचीही तीच गत. या सगळ्याने माल खपतो, आणि ते छान आहे. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापा.

जबड्याचं मात्र वेगळं आहे, आणि माझ्या मते सगळा वेळ इथे घालवायला हवा.

नेहमीचा बेसिन पाना कसा चालतो ते आठवा. टी आकाराची दांडी, टोकाला खिळीवर फिरणारा वाकडा जबडा. जबडा एका बाजूला पाडला की आवळायचं, दुसऱ्या बाजूला पाडला की सोडवायचं. दांडीवर जितका जोर लावाल तितका जबडा नटला जास्त चावतो. लोखंडी किंवा पितळी नटवर हीच त्याची खुबी. डी-१ मध्ये जबड्याला स्प्रिंग आहे, पण ती काय करते ते नीट वाचा: परतीच्या फेऱ्यात जबडा नटवरून घसरून पुढच्या पैलूवर बसावा एवढ्यापुरती आहे. पुढच्या फेऱ्यात तिथेही जोर वाढेल तसा चावा वाढतोच. किंबहुना 'जोरासरशी पकड वाढते' हा त्या दस्तऐवजाने आपला फायदा म्हणून सांगितलाय.

तुमचा जबडा याच्या उलट वागतो. पुढच्या फेऱ्यात, काम चालू असतानाच, एका मर्यादेनंतर तो पकड सोडतो. का? कारण हल्लीचे प्लास्टिकचे बॅकनट फुटतात. आणि तुमच्या चौदाव्या परिच्छेदात एक वाक्य आहे, जे वाचून मी पेन्सिलने खूण केली: नट फुटतो तो फिरवण्याच्या जोराने नाही, जबडा दोन बाजूंनी आत दाबतो त्या चिमटीने.

हे वाक्य तुमची खरी पुंजी आहे. सगळ्यांची समजूत अशी की प्लंबर जास्त आवळतो म्हणून नट फुटतो. ही समजूत धरून चालणारा जाणकार इंजिनियर काय करेल? तो टॉर्कला मर्यादा घालेल. डी-२ मधला क्लच उचलेल आणि डी-१ च्या मुठीत बसवेल. तपासनीस म्हणतात तसं डी-१ आणि डी-२ खरंच एकत्र केलं तर हाती येतो मुठीत क्लच असलेला बेसिन पाना. तुमचा पाना येत नाही. त्या कल्पित पान्यात क्लच सुटेपर्यंत जबडा नटला चावतच राहणार, दाते प्लास्टिकमध्ये रुतणार. तुमच्याकडे पोहोचायला आधी अडचणीचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे हे कळायला हवं, आणि मग डी-१ ज्याला गुण म्हणतो तोच मोडून काढायचं धाडस हवं. जुना दस्तऐवज ज्या दिशेला ढकलतो त्याच्या विरुद्ध जाणं, हा ऑब्व्हियस नसल्याचा चांगला पुरावा मानला जातो.

पण हा युक्तिवाद कुठे मोडेल तेही पाहून ठेवा. डी-१ मध्ये, किंवा कुठल्याही जुन्या कॅटलॉगमध्ये, 'जबड्याच्या चिमटीने प्लास्टिक नट फुटतात' असं एक वाक्य निघालं, तर मूळ शोधून काढल्याचं श्रेय गेलं. मग उरतो फक्त उपाय, आणि दाब वाढला की सुटणारी स्प्रिंग हा उपाय मेकॅनिकल इंजिनियरला नवा नाही. शेजारच्या क्षेत्रात शोधा, नुसतं प्लंबिंगमध्ये नको. अमेरिकेत १९६६ साली ग्रॅहम विरुद्ध जॉन डियर या प्रसिद्ध निकालाबरोबरच कीटकनाशकाच्या हातपंपाच्या झाकणाचाही खटला निघाला होता. पेटंटवाले म्हणाले, आमच्या धंद्यात हे कुणी केलं नव्हतं, मालही धडाक्यात खपतोय, कित्येक वर्षांची अडचण सुटली. न्यायालयाने उत्तर दिलं की अडचण कीटकनाशकाची नव्हतीच, डबा नीट बंद करण्याची होती, आणि ती दुसऱ्या डब्यांच्या तोटीत सुटलेली होती. धडाक्याचा खपही त्या पेटंटला वाचवू शकला नाही. तुमची अडचण 'ठिसूळ वस्तू न फोडता पकडणं' अशी मांडली तर प्रयोगशाळेतले चिमटे, पाइपच्या क्लॅम्प, सगळे तुमचे शेजारी होतात. समोरचा ती तशीच मांडणार, हे धरून चाला.

'साधा दिसतो' या आक्षेपाबद्दल थोडं. जबडा उघडून दाखवला की कुणीही मान डोलावतो, 'हो, बरोबर आहे, असंच करायला हवं.' पाहिल्यानंतरचं हे शहाणपण कायद्याने बाजूला ठेवायचं असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला निकालात ज्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यात शेवटची हीच आहे: मागे वळून पाहण्याची दृष्टी टाळून ठरवा. त्याच न्यायालयाचा २०२२ चा एव्हरी डेनिसनचा निकाल तर तुम्ही छापून भिंतीला लावावा असा आहे. तिथे शोध होता फासनरमधल्या खाचेचा, दिसायला किरकोळ. कंट्रोलरने, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, अर्ज नाकारला होता. न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि म्हटलं की साधा बदलही शोध असू शकतो. जुना दस्तऐवज प्रसिद्ध होऊन बराच काळ गेला, मधल्या काळात तो सोपा बदल कुणालाच सुचला नाही आणि त्यातून अनपेक्षित फायदा निघाला, तर कल अर्जदाराकडे झुकतो. तुमच्या डी-१ ची तारीख बघा. ती प्लास्टिक नट सर्रास झाल्यानंतरची असेल आणि तरी इतकी वर्षं कुणी चावा कमी केला नसेल, तर हा मुद्दा जोरात मांडा. डी-१ पितळी नटांच्या जमान्यातला असेल तर तो जपून वापरा, कारण समोरचा म्हणेल, तेव्हा गरजच नव्हती.

पुरावा कसा गोळा कराल? बहुतेक अर्जदार आपला पाना आणि बाजारातला पाना यांची तुलना देतात. ती उपयोगाची आहे, पण अपुरी. तपासनिसांनी कल्पनेत जो पाना जुळवला तो प्रत्यक्षात बनवा. नेहमीचा बेसिन पाना घ्या, मुठीत विकतचा क्लच बसवा. मग एकाच कंपनीचे, एकाच मापाचे नट तिन्ही पान्यांनी सारखे आवळा आणि कुठे तडा जातो ते नोंदवा, फोटोंसकट. क्लचवाला पाना नट फोडत असेल आणि तुमचा फोडत नसेल, तर तुमचं म्हणणं कागदावरून टेबलावर आलं. हे कलम ७९ खाली ॲफिडेव्हिट म्हणून कंट्रोलरसमोर ठेवता येतं. क्लचवाल्यानेही नट फुटत नसतील तर मला फोन करण्याआधी स्वतःच थोडा विचार करा, कारण मग फार काही उरत नाही.

क्लेम बदलायचाय, तर कलम ५९ ची चौकट पाळावी लागेल. दुरुस्ती म्हणजे काहीतरी सोडून देणं, चूक सुधारणं किंवा स्पष्ट करणं. मूळ तपशिलात नव्हतं ते आत घुसवता येत नाही आणि क्लेमची व्याप्ती वाढवता येत नाही. तुमचं नशीब की चौदावा परिच्छेद मुळात होता. नवा पहिला क्लेम जबडा, पातं-स्प्रिंग आणि 'पुढच्या फेऱ्यात, जबड्याचा दाब ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावर पकड सुटते' या परस्परसंबंधावर उभा करा. आज पहिल्या क्लेममध्ये असलेली दांडी, दिवा, चुंबक आणि मूठ काढून टाकायचा मोह होईल, पण ती काढली की क्लेम रुंदावतो, आणि तिथे कंट्रोलर अडवू शकतात. त्यासाठी तुमच्या पेटंट एजंटबरोबर मूळ क्लेमचा शब्दन् शब्द घेऊन बसा. वाईटात वाईट म्हणजे ती क्लेममध्ये राहतील, आणि दिवा न लावता नक्कल करणारा निसटेल. सुरुवातीचा क्लेम लिहितानाच नको ते आत घेतलं की असं होतं.

उत्तरात तपासनिसांना एक गोष्ट नम्रपणे विचारा: हे तीन दस्तऐवज एकत्र करायला जाणकार माणसाला कारण काय होतं? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या ॲग्रीबोर्ड निकालात म्हटलंय की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून नाकारायचं तर कंट्रोलरने जुनं ज्ञान, हा शोध आणि जाणकाराला तो कशा प्रकारे ऑब्व्हियस ठरेल, या तिन्हींचा विचार दाखवला पाहिजे. नुसता निष्कर्ष पुरत नाही. एफईआरमध्ये असं कारण सहसा एका ओळीत असतं. ती ओळ पकडा. हिअरिंग बहुधा व्हिडिओवर होईल, अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात खेटे घालायला लागणार नाहीत, पण फुटलेले आणि न फुटलेले नट कॅमेऱ्यासमोर धरायला जवळ ठेवा.

मुदत विसरू नका. एफईआरच्या तारखेपासून सहा महिने. तीन महिन्यांपर्यंत वाढवून मिळतात, पण तो अर्ज सहा महिने संपायच्या आत करावा लागतो.

राहिली मूठ. तिचा आकार देखणा आहे हे मान्य, आणि त्यासाठी डिझाइन्स कायदा २००० आहे: दहा वर्षं, पुढे पाच वाढवून. पण तो फक्त डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला संरक्षण देतो, कामाच्या रचनेला नाही, आणि वस्तू आधीच लोकांपुढे आली असेल तर नोंदणी टिकत नाही. तुम्ही पाना विकायला लागून बरेच महिने झाले, म्हणजे या मुठीचा विचार सोडा. पुढच्या मॉडेलची निळी मूठ तुम्ही फोटोत पाठवली आहे. ती दुकानात किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायच्या आधी डिझाइनचा अर्ज करून टाका.